निघणं पक्कं, पोचणं कच्चं

अन्याय दोघांवर झाला. पहिली आमच्या नवागामच्या चाळीतली सिंधूवहिनी. लग्न होऊन सुरतेला आली तेव्हापासून, एक साल सोडलं तर, दर आखाजीला तिला तिच्या माहेरच्या स्टेशनवरून, गाडीतून उतरू न देता, पुढं नेण्यात आलं. दुसरे आमचे घरमालक. शहाण्णव सालच्या आखाजीनंतर जो पहिला रविवार आला, त्या संध्याकाळी, नळाला पाणी येण्याच्या वेळी, सगळ्या चाळीदेखत त्यांना त्यांच्याच अंगणातला खडू त्यांच्याच हातानं पुसायला लावला. ज्यांनी लावला त्यांतले बरेच जण हे वाचतील. वाचा.

खडू कसला, ते सांगते.

घरमालकांना सगळे आबा म्हणायचे. बँकेत कारकून. नवागामात जागा स्वस्त होती तेव्हा घेतली, समोरासमोर खोल्यांच्या दोन ओळी बांधल्या, मधे सिमेंटचं अंगण. खोल्यांत आम्ही लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबणारी खानदेशी बिऱ्हाडं, वरच्या खोलीत एकटे आबा. त्यांची बायको, माई, गावी शेत बघायची. माणूस उंच, मान कायम थोडी पुढं काढलेली, फलाटावर उभं राहून गाडी दिसतेय का बघावं तशी. इतर कारकुनांच्या खिशात पेन असतं. आबांच्या खिशात खडू.

आखाजी जवळ आली की ते अंगण झाडून घ्यायचे आणि जमिनीवर रेल्वेचा डबा काढायचे. अख्खा डबा. दोन्हीकडची दारं, बाकडी, खिडक्या, सामानाच्या फळीसाठी तुटक रेषा. संडाससुद्धा. "इथं कोणी उभं राहायचं नाही. बाहेरच्याला वास, आतल्याला लाज." मग शिट्टी फुंकायचे आणि तालीम सुरू. होय, गाडीत चढायची तालीम. कोण आधी चढणार, पोर कोण वर देणार, पोर घेणार कोण, पाण्याचा कॅन कुणाकडे, मडकं कुणाच्या मागं. पलीकडच्या गल्लीतल्या सड्या पोरांना बोलावून सांगायचे, "तुम्ही गर्दी. मनापासून ढकला. पण बाईमाणसाला धक्का लागला तर गर्दीतून नाव कमी करीन." गर्दी व्हायला पोरांची चढाओढ लागायची.

गाठोडी ते स्वतः तपासायचे. एका हातानं उचलून बघायचे आणि खाली ठेवायचे. "जे एका हातानं वर जात नाही ते गाठोडं नव्हे बाई, संसार आहे. संसार घरी ठेव."

कोपऱ्यावरचा गुजराती किराणावाला दुकान उघडं टाकून बघायला यायचा. "आबानुं मगज फरी गयुं छे," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचा. आणि जाताना हळूच विचारायचा, "काले पाछुं छे ने?" उद्या परत आहे ना?

हसा खुशाल. आम्हीही हसायचो. पण आखाजीच्या आदल्या दिवशी उधना स्टेशनवर उभं राहून बघा. सगळे कारखाने एकाच दुपारी सुटतात. भुसावळकडे जाणारी पॅसेंजर फलाटाला लागते न लागते तोच अख्खा खानदेश तिच्या अंगावर पडतो. खिडकीतून पोरं आत फेकतात. म्हाताऱ्या रडतात. त्या सगळ्यात आमची चाळ मात्र एका दारानं, एका ओळीत, तोंडातून शब्द न काढता आत जायची आणि खडूनं आखलेल्या जागी जाऊन बसायची. आबा शेवटी चढायचे.

आणि गाडी हलली की हाच माणूस मनगटावरचं घड्याळ काढून जेवणाच्या डब्यात टाकायचा, झाकण लावायचा. "आता वेळ गाडीची." चलथाणला कारखान्याच्या मळीचा वास आला की त्यांची मान आणखी पुढं यायची. आम्ही एकमेकींकडे बघायचो. आता हे कुठं उतरणार?

कारण ते उतरायचेच. कुठंही. एका वर्षी बारडोलीला फलाटावरून एक माणूस डोक्यावर मोठा आरसा घेऊन चालला होता. "हा कुठं नेत असेल हो?" आबा म्हणाले, आणि उतरले. गाडी गेली. दुसऱ्या दिवशी सण उरकल्यावर ते गावी उगवले. दाढी गुळगुळीत, वासाचं तेल लावलेलं. आरसा एका नव्या केशकर्तनालयाचा होता. यांनी तो भिंतीवर सरळ लागेपर्यंत खालून धरला, पहिलं गिऱ्हाईक म्हणून खुर्चीत बसले, जेवले, मालकाच्या ओट्यावर झोपले. माईंना कोणी म्हटलं, "अहो, सणाला तरी वेळेवर यावं माणसानं," तर माई म्हणायच्या, "याचं ताट मी वाढतच नाही. नुसता तवा चुलीशी ठेवते. आला की तापवते."

त्यांचं एक वाक्य सगळ्या चाळीला पाठ होतं. "निघणं पक्कं पाहिजे. पोचणं कच्चं चालतं."

मला या वाक्याचा राग यायचा. अजून येतो, पण आता वेगळ्या कारणानं. तेव्हाचं कारण सांगते.

त्याआधी, ज्यांना आखाजी ठाऊक नाही त्यांच्यासाठी. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात हा लेकींचा सण. भाऊ मुराळी होऊन बहिणीला सासरहून आणतो. निंबाला झोका बांधतात, गौराई बसवतात, खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, गाणी. वर्षभर वाकलेली पोर त्या दिवशी झोक्यावर उभी राहते. हे गावातलं. सुरतेत येऊन आम्ही या सणाचं काय केलं? लूमची सुट्टी जेमतेम चार दिवस. भाऊही इथंच कुठंतरी लूमवर उभा, तो मुराळी कसा होणार? आणि त्याच दिवशी पितरांची घागर भरायची असते. ज्याचा बाप गेला तो मुलगा गावी जाऊन घागर भरतो. म्हणून नवरा निघतो त्याच्या गावी, आणि ट्रंक, मडकं, पोरं, बायको हे त्याच्याबरोबरचं सामान. लेकींचा सण, आणि लेकी सासरी! कुणी ठरवलं हे? कुणीच नाही. म्हणून तर कुणाला जाब विचारता येत नाही.

सिंधूवहिनीचं माहेर नंदुरबारच्या अलीकडच्या एका लहानशा स्टेशनाला लागून. सासर पार अमळनेरच्या पुढं. म्हणजे गाडी तिच्या माहेरी थांबायची. थांबायची आणि सुटायची. तिची आई फलाटावर पुरणपोळ्यांचं फडकं घेऊन उभी असायची. खिडकीच्या गजांतून फडकं आत, पोराचा हात बाहेर, म्हातारी त्या हाताचे मुके घ्यायची, शिट्टी. एवढंच माहेर. भास्करदादा, म्हणजे वहिनीचा नवरा, शेजारीच बसलेला असायचा. वाईट माणूस नाही. दारू नाही, मारहाण नाही. सासूला खिडकीतून वाकून नमस्कार करायचा. उतरायचं मात्र नाव नाही. "घागर कोण भरंल? बाप वाट बघतो." त्याला मेलेल्या बापाकडे जायचं होतं, तिला जिवंत आईकडे. गाडी एकच.

पंच्याण्णव सालची गोष्ट. वहिनीचं स्टेशन मागं पडलं. ती फडकं मांडीवर ठेवून, न सोडता बसली होती. आणि समोर आबा माझ्या आईला आरशाची गोष्ट रंगवून सांगत होते. माझं डोकं फिरलं.

"आबा," मी म्हणाले, "तुमची लहर पुरुषाची लहर आहे. बँकेची रजा आहे तिला. तुम्ही वाटेत उतरलात तर लोक गोष्ट करून सांगतात. ही उतरली तर काय सांगतील?"

आई म्हणाली, "गप गं, मोठ्यांशी बोलतेस."

मी बायकांच्या सभेची पत्रकं वाटायचे म्हणून आबा एरवी मला 'पुढारी' म्हणून चिडवायचे. त्या दिवशी चिडवलं नाही. खिशातला खडू बोटांत फिरवत बसले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कुठंही न उतरता, गाडीच्या वेळेला आपल्या गावी पोचले. माई घाबरल्या म्हणे. ताप बघितला.

मग शहाण्णव. आखाजीच्या आधी वहिनीचा भाऊ, तोही लूमवरच, कडोदऱ्याहून निरोप घेऊन आला. आई आता खाटेवरून उठत नाही. फलाटावर यायची नाही. आमच्या भिंती एका विटेच्या, त्यामुळे पुढचं सगळ्यांनी ऐकलं.

"या बारीला मला उतरू द्या."

"परत येताना बघू."

"परत येताना कधी बघितलंय?"

यावर भास्करदादानं रेडिओ लावला.

त्या वर्षीच्या तालमीत आबांनी जागा बदलल्या. भास्करदादाला सगळ्यात आतल्या कोपऱ्यात, ट्रंकेवर. "ट्रंक सांभाळायला दणकट माणूस पाहिजे." तो खूश. त्याच्यापुढं चाळीतल्या दोन जाड म्हाताऱ्या, त्यांच्या पायांशी मडकी. आणि सिंधूवहिनी दाराशी. कडेवर पोर, हातात एक पिशवी. तिचे कपडे ट्रंकेत नको, पिशवीत ठेव, असंही सांगितलं.

"हिला दाराशी का, आबा?" मी विचारलं.

"पोराला वारा लागतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनीकडून दारातून चढण्याची तालीम करून घेतली. आणि उतरण्याची. "पोर डाव्या कडेवर. उजवा हात दांडीला. गाडी पूर्ण थांबल्यावर. हां. पुन्हा." बाकी कुणाला उतरायची तालीम दिली नव्हती. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

प्रवासाच्या दिवशी सगळं आखल्याप्रमाणे झालं. घड्याळ डब्यात गेलं. व्यारा गेलं, नवापूर गेलं. वहिनी दाराशी पाय पोटाशी घेऊन बसलेली, तोंड बाहेर. तिचं स्टेशन आलं. फलाटावर फडकं घेतलेली म्हातारी नव्हती. एक कैरीवाली होती, टोपली घेऊन.

"काय कैऱ्या आहेत!" आबा म्हणाले आणि उतरले. नेहमीसारखे. खाली उभं राहून त्यांनी एक कैरी उचलली, वास घेतला, आणि वहिनीकडे बघून आमच्या घरच्या अहिराणीत विचारलं, "तुले कथा उतरनं शे, माय?"

तुला कुठं उतरायचंय. एवढंच. हात धरला नाही, ये म्हणाले नाहीत.

वहिनीनं आत बघितलं. दाराशी आम्ही, मग माणसं, मग म्हाताऱ्या, मग मडकी, आणि लांब ट्रंकेवर भास्करदादाचं डोकं. मग तिनं पोर डाव्या कडेवर घेतलं. उजवा हात दांडीला. उतरली.

"अवं! अवं, कुठं?" भास्करदादा ओरडला. उठला तर पुढं म्हातारी. "सरका ना काकू!" "कुठं सरकू भाऊ, मडकं फुटंल." गाडी हलली. वहिनी फलाटावर लहान होत गेली. ती आमच्याकडे बघत नव्हती. ती चालायलाही लागली होती.

घागर भरली गेली. भास्करदादानं एकट्यानं भरली. पितर रागावल्याचं कुणी कळवलं नाही. परत येताना तो त्या स्टेशनवर बायकोला घ्यायला उतरला. सासूनं खाटेवरून हुकूम सोडून त्याला आमरस वाढायला लावला. आणि वहिनीनं मला काय सांगितलं ते ऐका. आई बघताक्षणी म्हणाली, "उनी का व?" आलीस का गं? रडली नाही. भावजयीला म्हणाली, माझी खाट निंबाखाली न्या. पोर झालेली, केस पिकू लागलेली बाई झोक्यावर उभी, आणि म्हातारी खाटेवरून ओरडतेय, "उच्चा लई जा व माय, आखो उच्चा!" आणखी उंच. "हात सोलले गं माझे," वहिनी म्हणाली आणि तळवे दाखवले. दोरीचे वळ. दागिना दाखवावा तसे दाखवले.

यात कुणाचं काय बिघडलं होतं?

पण रविवारी अंगणात बैठक बसली. बोलावली जॉबरनं. जॉबर म्हणजे आमच्यातल्या बऱ्याच जणांचा लूमवरचा वरिष्ठ, राहायला पहिल्या खोलीत, आवाज लूमपेक्षा मोठा. जमिनीवरचा डबा अजून तसाच होता, थोडा पुसट झालेला. त्याच्या बाकड्यांवरच सगळे बसले.

"आबा, तुम्ही घरमालक. मान आहे तुमचा. पण दुसऱ्याची बायको गाडीतून उतरवायची, हे कुठलं शहाणपण?"

"मी कैरी घ्यायला उतरलो होतो."

"लहान पोरं आहोत का आम्ही? आज हिची उतरली. उद्या माझी उतरंल. परवा सगळ्यांच्या उतरतील. मग गावाला काय आम्ही ट्रंका घेऊन जायचं?"

"जा की!" मी ओरडले.

काही बायका हसल्या. जॉबरची बायको ओट्यावर तांदूळ निवडत होती, तिचा हात सुपात थांबला. जॉबर माझ्याकडे वळला. "तू गप. तुला ना सासर ना संसार. पत्रकं वाट जा."

आबांनी भास्करदादाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. तो एक शब्द बोलला असता, की मी आमरस खाऊन आलोय, माझी काही तक्रार नाही, तर बैठक तिथंच उठली असती. तो चपलेचा अंगठा बघत बसला. वहिनी पुढं येऊ लागली तर त्यानं मान वर न करता तिचं मनगट धरलं. वळ उठलेल्या हाताचं मनगट.

"पुसा ते," जॉबर म्हणाला, जमिनीकडे बोट करून. "यापुढं तालीम नाही. आमचं आम्ही चढू."

अंगण आबांचं होतं. खोल्या आबांच्या. ते म्हणू शकले असते, तूच खोली सोड. त्यांनी बादली आणली. नळाला पाणी आलंच होतं. गुडघ्यांवर बसून त्यांनी आधी फळी पुसली, मग खिडक्या, मग बाकडी. माणसं जागची उठत गेली तसतसं. "जागा माझी," मला म्हणाले, मी फडकं ओढून घेत होते तेव्हा, "पण डबा यांचा आहे. नको म्हणतात तर नको."

किराणावाला दारात उभा होता. त्या दिवशी उद्याचं न विचारताच दुकानात परतला.

सत्त्याण्णवला आमचे आम्ही चढलो. म्हणजे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, तरी लिहिते. जॉबरचं मडकं फलाटावर फुटलं. माझ्या आईच्या चपला गेल्या. आणि सिंधूवहिनी लोंढ्याबरोबर डब्याच्या मधोमध जाऊन अशी रुतली, की तिच्या स्टेशनवर गाडी थांबली तेव्हा तिला ना दार दिसलं ना खिडकी. कैरीवालीचा आवाज तेवढा आला. त्या दिवशी म्हातारीनं सकाळपासून खाट निंबाखाली काढायला लावली होती. झोका बांधून ठेवला होता. संध्याकाळी सोडला.

आबा त्या वर्षी गेलेच नाहीत. त्यानंतरही नाहीत. आता माईच येऊन-जाऊन असतात. परवा म्हणाल्या, "हा हल्ली वेळेवर जेवतो गं. काहीतरी बिघडलंय याचं."

मी वर गेले. आबा खिडकीत बसले होते, मनगटावर घड्याळ.

"आबा, एकदा खरं सांगा. त्या दिवशी लहर होती का सगळं ठरवलेलं?"

"कैरीची लहर खरी होती."

"आणि वहिनीचं?"

"पुढारी, तिची जागा मी दाराशी ठेवली. एवढीच माझी तयारी. पाय तिनं टाकला. तो मला आखता आला असता होय?" मग म्हणाले, "तू गाडीत बोललीस ते बरोबर होतं. मला लहर येते कारण मला अडवणारं कुणी नाही. दुसऱ्याला यायची तर आधी कुणीतरी मडकी आणि ट्रंका आखून ठेवाव्या लागतात. तयारी कशासाठी असते? ऐनवेळी मन झालं तर दार मोकळं सापडावं म्हणून. नाहीतर नुसतं सामान पोचवणं झालं."

मला त्यांच्या वाक्याचा अजून राग येतो, वर लिहिलं ना, तो याच्यासाठी. पोचणं कच्चं चालतं हे आम्ही सगळे हसत म्हणतो. निघणं पक्कं करायचे कष्ट एकट्या आबांनी केले, आणि आम्ही त्यांच्या हातात बादली दिली.

आता अठ्ठ्याण्णवची आखाजी तोंडावर आहे. म्हातारी अजून आहे. दर आखाजीला असेल असं नाही. आबांनी मला खडू दिलाय, पण खाली यायला नकार दिलाय. येत्या रविवारी डबा मी काढणार आहे. जॉबरच्या बायकोनं अंगण झाडून ठेवते म्हणून सांगितलंय, न विचारता.

भास्करदादा, जॉबरभाऊ, आणि नवागाम, डिंडोली, कडोदऱ्याच्या चाळींत हे वाचणारे तुम्ही सगळे: रविवारच्या आधी एक काम करा. रेडिओ बंद करा. घरातल्या बाईला विचारा, तुले कथा उतरनं शे? उत्तर येईपर्यंत गप्प बसा. वेळ लागेल, आजवर कुणी विचारलेलं नाही. मग तिला तालमीला पाठवा. ती दाराशी उभी राहील. तुम्ही ट्रंकेवर बसा.